सहा टक्के जुळेनात

माझ्या पीएचडीतले जवळपास आठ महिने एका आकड्यात गेले. ०.१५५. तो यायला हवा होता ०.१६५. कुणालाही सांगितलं की समोरचा म्हणतो, एवढंच ना! आणि खरं सांगायचं तर पहिल्या दिवशी मीही एवढंच म्हणाले होते.

आधी काय करत होते ते सांगते. काचेचा एक लांब चॅनल, त्यात पाणी एका दिशेने अगदी हळू वाहतंय, सेकंदाला २ सेंटीमीटर, आणि मधोमध ५ मिमी व्यासाचा एक स्टीलचा गोल रॉड उभा. खालचं टोक तळाला टेकलेलं, वरचं पाण्याबाहेर. पाणी रॉडच्या दोन्ही अंगांनी पुढे जातं आणि मागे भोवरे सुटायला लागतात, एक डावीकडून, मग एक उजवीकडून, परत डावीकडून, अगदी घड्याळ लावल्यासारखे. पुलाच्या खांबामागे वाहत्या पाण्यात बघितलं असेल कधीतरी, तेच. याला कारमान व्हॉर्टेक्स स्ट्रीट म्हणतात. सेकंदाला किती भोवरे-जोड्या सुटतात ती फ्रीक्वेन्सी, तिला व्यासाने गुणायचं आणि पाण्याच्या वेगाने भागायचं की येतो स्ट्रूहाल नंबर. स्ट्रूहाल हा चेक भौतिकशास्त्रज्ञ, त्याने १८७८ मध्ये तारेवरून वारा गेला की जो सूं सूं आवाज येतो त्याचा अभ्यास केला होता, तिथून हे नाव. माझा ०.१५५ तो हाच.

दुसरा आकडा रेनॉल्ड्स नंबर, वेग गुणिले व्यास भागिले पाण्याची व्हिस्कॉसिटी, म्हणजे चिकटपणा. माझ्या रॉडसाठी तो १०० ठेवला होता. साधारण ४७ च्या खाली भोवरे सुटतच नाहीत, आणि १९० च्या आसपास वेक, म्हणजे रॉडमागचा ढवळलेला पट्टा, आपणहून गुंतागुंतीचा, त्रिमितीय व्हायला लागतो. १०० म्हणजे या दोन्हीच्या मधली सुरक्षित जागा, सगळं साफ आणि नियमित. म्हणूनच सरांनी हे वॉर्मअप म्हणून दिलं होतं. माझा मूळ विषय वेगळाच होता, रॉडवर मऊ जेलचा थर दिला तर मागचा वेक कसा बदलतो. "आधी साध्या रॉडवर प्रयोग आणि सिम्युलेशन जुळवून घे, दोन आठवड्यांचं काम आहे," असं सर म्हणाले. ते दोन आठवडे मी अजून विसरलेले नाही.

सेकंदाला २ सेंटीमीटर हा वेग किती त्रासदायक असतो हे आधी कुणी सांगितलं नव्हतं. जोरात वाहणारं पाणी एका अर्थी सोपं, त्याला बारीकसारीक गोष्टींचं काही वाटत नाही. हळू वाहणारं पाणी मात्र भयंकर लाडावलेलं असतं. एसीचा झोत पृष्ठभागावर आला की वरचा थर वेगळ्या वेगाने सरकतो, पंप तासभर चालला की पाणी कोमट होतं आणि गरम पाणी वर, गार पाणी खाली असे थर बसतात, कुणी दार आपटलं की पाच मिनिटं सिग्नलमध्ये ते दार दिसत राहतं. वेग बदलला की निदान अर्धा तास थांबायचं, मगच रेकॉर्डिंग. मी हा अर्धा तास फार शिस्तीने पाळला. हे लक्षात ठेवा, पुढे याच शिस्तीने माझा घात केलाय.

मोजमाप पीआयव्हीने, म्हणजे कणांचे फोटो काढून वेग मोजायची पद्धत. पाण्यात १० मायक्रॉनचे पोकळ काचेचे कण सोडायचे, लेझरचा प्रकाश पत्र्यासारखा पातळ पसरून एक आडवा थर उजळायचा, खालून कॅमेऱ्याने सेकंदाला २५ फोटो काढायचे आणि लागोपाठच्या दोन फोटोंत कणांचे पुंजके किती सरकले ते सॉफ्टवेअरने शोधायचं. कण इतके हलके की स्वतःच्या वजनाने सेकंदाला पाचेक मायक्रॉन खाली बसतील, म्हणजे पाण्याच्या वेगापुढे काहीच नाही. कागदावर सगळं सुंदर.

प्रत्यक्षात पहिली चूक मी पहिल्याच दिवशी केली. कॅमेऱ्यात एक पिक्सेल म्हणजे किती मिलीमीटर हे ठरवायला ठिपक्यांची प्लेट ठेवून फोटो काढतात. मी चॅनल रिकामा असताना काढला, कारण कोरड्यात हात घालणं सोपं. मग पाणी भरलं. पाण्यातली वस्तू जवळ दिसते हे शाळेत शिकलेलं सगळं त्या दिवशी रजेवर होतं. वेग चार टक्के जास्त यायला लागला आणि त्यात माझा एक आठवडा गेला.

दुसरी भानगड पीक लॉकिंग. कणाची प्रतिमा कॅमेऱ्यावर जेमतेम एका पिक्सेलएवढी पडत असेल तर सॉफ्टवेअरला दशांश नीट काढता येत नाही आणि सगळी सरकणी ३, ४, ५ अशा पूर्ण आकड्यांवर गोळा होतात. हिस्टोग्राम काढला तर कंगव्यासारखा दिसला. उपाय ऐकून हसू येईल, फोकस किंचित बिघडवायचा. कण थोडे पसरट दिसले की दशांश परत येतात. मी आयुष्यात पहिल्यांदा मुद्दाम फोटो खराब काढला आणि डेटा सुधारला.

मग पहिलं खरं रेकॉर्डिंग, २० सेकंदांचं. रॉडमागे एक बिंदू निवडला, तिथला आडवा वेग काढला, एफएफटी मारली, म्हणजे सिग्नलमध्ये कोणकोणत्या फ्रीक्वेन्सी आहेत ते काढलं. ०.६० आणि ०.६५ हर्ट्झवर दोन खांब, उंचीला जवळपास सारखे. सिम्युलेशनप्रमाणे यायला हवं होतं ०.६६. मी अर्थातच ०.६५ वाला खांब धरला. जुळलं! सरांना मेल केला, सरांचा "छान" असा एका शब्दाचा रिप्लाय आला, आणि मी जेलच्या तयारीला लागले.

यात लबाडी अशी होती की २० सेकंदांच्या रेकॉर्डिंगमधून फ्रीक्वेन्सी ०.०५ हर्ट्झपेक्षा बारीक दिसूच शकत नाही, एकला वीसने भागा, झालं. म्हणजे जो फरक शोधायचा तो दोन खांबांमधल्या फटीत आरामात झोपला होता. पुढच्या महिन्यात दुसऱ्याच कामासाठी १० मिनिटांचं रेकॉर्डिंग केलं, १५००० फोटो, आणि त्यात एकच टोकदार खांब आला, ०.६२ हर्ट्झवर. ०.६६ वर सपाट मैदान. म्हणजे स्ट्रूहाल ०.१६५ ऐवजी ०.१५५.

इथून खरी सुरुवात.

सिम्युलेशनचं थोडं सांगते, कारण संशय आधी त्याच्यावरच गेला. आमच्या लॅबमध्ये प्रयोगवाले आणि कॉम्प्युटरवाले असे दोन गट आहेत आणि आकडे जुळले नाहीत की प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवतो. मी दोन्ही करत होते त्यामुळे मला माझ्याकडेच बोट दाखवावं लागायचं, सकाळी एका हाताने, संध्याकाळी दुसऱ्या.

ओपनफोम या प्रवाहाच्या सॉफ्टवेअरमध्ये द्विमितीय केस. रॉडभोवती मेश, म्हणजे गणिताची जाळी, दाट, लांब जाईल तशी विरळ. पहिल्या रनमध्ये भोवरे सुटलेच नाहीत, मागे दोन सुंदर सारखे बुडबुड्यासारखे आकार, आरशातल्यासारखे, तासन् तास तसेच. याची दोन कारणं होती आणि दोन्ही कळायला वेळ लागला. एक म्हणजे कॉम्प्युटरमधलं जग फारच सोज्वळ, तिथे दार आपटत नाही, त्यामुळे डावं-उजवं यातलं आधी कोण हे ठरवायला ढकलणारं काही नसतं, सुरुवातीला थोडासा तिरपा धक्का द्यावा लागतो नाहीतर खूप थांबावं लागतं. दुसरं, मी पहिल्या ऑर्डरची अपविंड स्कीम, म्हणजे आकडेमोडीची सगळ्यात ढोबळ पद्धत, लावली होती कारण ती कधी फुटत नाही. फुटत नाही कारण ती सगळं दाबून टाकते. विरळ मेशवर तिचा स्वतःचाच एक खोटा चिकटपणा तयार होतो, म्हणजे मी सांगत होते पाणी आणि सॉल्व्हर वाहवत होता तेल, रेनॉल्ड्स नंबर लिहिलाय १०० पण वेकला वाटतंय आपण ४० वर आहोत. दुसऱ्या ऑर्डरची स्कीम लावली, भोवरे सुटले.

आता स्ट्रूहाल ०.१७ च्या वर. कारण मी बाजूच्या भिंती रॉडपासून पाचच व्यासांवर ठेवल्या होत्या, पाण्याला चिमटा बसत होता आणि ते रॉडजवळून घाईत जात होतं. भिंती खऱ्या चॅनलइतक्या लांब नेल्या, ४० व्यास रुंदी, मग ०.१६५. मेश तीनदा बारीक केली, फरक तिसऱ्या दशांशात. टाइमस्टेप अर्धा केला, काही नाही. ड्रॅग कोएफिशियंट, म्हणजे पाणी रॉडला किती ढकलतं त्याचा आकडा, १.३ च्या जरा वर, जसा यायला हवा तसा. माझ्या बाजूने सिम्युलेशन निर्दोष सुटलं होतं.

(या कामाचा कंटाळा आला की मी कावागुतींना आठवते. १९५३ मध्ये त्यांनी याच सिलिंडरचा प्रवाह रेनॉल्ड्स नंबर ४० साठी हाताने चालवायच्या गणकयंत्रावर सोडवला, आठवड्याला २० तास बसून दीड वर्ष. माझा जॉब क्लस्टरवर एका रात्रीत व्हायचा आणि तरी मी क्यू लांब आहे म्हणून कुरकुर करायचे.)

मग प्रयोगावर संशय. सरांबरोबरच्या मीटिंगमध्ये ०.६२ दाखवलं, ते बराच वेळ ग्राफ बघत बसले आणि म्हणाले, "रॉड गोल आहे ना गं?"

यावर मला हसू आलं आणि सरांना कळेना का ते. जर्मनीतल्या गटिंगेनची एक जुनी हकीकत आहे, या भोवऱ्यांना ज्याचं नाव आहे त्या कारमानने स्वतः लिहून ठेवलेली. तिथला प्राध्यापक प्रांटल, त्याचा विद्यार्थी हीमेंझ पाण्याच्या चॅनलमध्ये सिलिंडरवरचा दाब मोजत होता, पण पाणी मागे सारखं डुलायचं, स्थिर राहीना. प्रांटल म्हणाला तुझा सिलिंडर नीट गोल नाही. हीमेंझने घासून घासून गोल केला, तरी डुलतंय. मग म्हणे चॅनल सिमेट्रिक नाही. तेही सुधारलं. कारमान रोज सकाळी येऊन विचारायचा, काय, आज तरी स्थिर झालं का, आणि हीमेंझ रडवेला होऊन सांगायचा, नाही. शेवटी कारमानलाच वाटलं की ज्याअर्थी हे थांबतच नाही त्याअर्थी याला काहीतरी कारण असणार, आणि शनिवार-रविवारी गणित मांडून त्याने दाखवलं की भोवऱ्यांची समोरासमोरची रांग टिकतच नाही, एकाआड एक अशीच टिकते. तर शंभर-सव्वाशे वर्षांनी तोच प्रश्न, तोच सिलिंडर, आणि विचारणाराही गाईडच.

रॉड गोल होता. वर्कशॉपमधल्या काकांनी मायक्रोमीटरने सहा ठिकाणी मोजून दिला, ४.९६ ते ४.९८. अर्धा-पाऊण टक्का, पुरेसा नाही.

वेग चुकतोय का? प्लेटची भानगड निस्तरली होती तरी मनात होतंच, म्हणून वेगळ्या पद्धतीने तपासला, रंगाचा थेंब सोडला आणि अर्धा मीटर जायला किती वेळ लागतो ते स्टॉपवॉचवर. २५ सेकंद, थोडे इकडेतिकडे. वेग बरोबर. भिंतींचा चिमटा? तो स्ट्रूहाल वाढवतो, माझा कमी येत होता. रॉड स्वतः थरथरतोय का? स्टीलचा रॉड, त्याची नैसर्गिक फ्रीक्वेन्सी कितीतरी वर, संबंधच नाही.

मग मी तापमानाकडे वळले आणि इथे मला खरोखर वाटलं की सापडलं. व्हिस्कॉसिटी मी २० अंशांची धरली होती. थर्मामीटर टाकला तर पाणी २३ अंश. पाण्याची व्हिस्कॉसिटी एका अंशाला दोन टक्क्यांहून जास्त घसरते, तीन अंशांत सात टक्के! सात टक्के हा आकडा ऐकूनच मला बरं वाटलं, माझी तूट सहा टक्क्यांची. धावत जाऊन गणित केलं. व्हिस्कॉसिटी कमी म्हणजे खरा रेनॉल्ड्स नंबर १०० नाही, १०७. आणि १०७ ला स्ट्रूहाल यायला हवा ०.१६८.

म्हणजे वाढला. फरक सहा टक्क्यांवरून जवळपास आठवर गेला. चूक दुरुस्त केली आणि उत्तर आणखी बिघडलं, याच्याइतका वाईट दिवस संशोधनात दुसरा नसावा. मी दोन दिवस लॅबमध्ये फिरकले नाही. त्या दोन दिवसांत मनात आलं ते प्रामाणिकपणे सांगते, २० अंशच धरून ठेवले असते तर कुणाला कळलं असतं? थर्मामीटरची नोंद फक्त माझ्या वहीत होती. मग ती वही मी सरांच्या टेबलावर नेऊन ठेवली, म्हणजे परत तो विचार नको.

सर म्हणाले जुने पेपर वाच. वाचले. तिथे कळलं की हा गोंधळ माझ्या एकटीचा नाही. रोश्कोने १९५४ मध्ये या रेंजचा स्ट्रूहालचा फॉर्म्युला दिला, ट्रिटनला १९५९ मध्ये रेनॉल्ड्स नंबर शंभराच्या आसपास कर्व्हमध्ये चक्क उडी दिसली, मग कुणी म्हणालं ती उडी खरी, कुणी म्हणालं प्रवाह एकसारखा नसल्यामुळे, आणि हे तीसेक वर्षं चाललं. एवढ्या साध्या रॉडवर! १९८८ मध्ये विल्यमसनने उलगडा केला की भोवरे दरवेळी रॉडला समांतर सुटतात असं नाही, तिरके सुटू शकतात, आणि ते रॉडच्या टोकांवर अवलंबून असतं. हे मी वाचलं, हायलाइट केलं आणि पुढे गेले. का गेले? कारण माझा रॉड व्यासाच्या ४० पट लांब होता, लेझरचा थर बरोब्बर मधोमध, दोन्ही टोकांपासून २० व्यास लांब. टोकांचा इथे काय संबंध. आणि माझ्या व्हिडिओत भोवरे इतके देखणे होते की त्यांच्यात काही तिरकं असेल असं वाटलंच नाही. खालून बघताना तिरकं दिसणारच नाही, ही साधी गोष्ट मात्र डोक्यात आली नाही. आठ महिन्यांत मी त्या वेककडे एकदाही बाजूने बघितलं नव्हतं. लेझर बाजूला, कॅमेरा खाली, डोळ्यांवर गॉगल, खोलीत अंधार. बघणार कुठून.

सापडलं ते एका पोस्टरमुळे. विभागात काहीतरी पाहुणे येणार होते आणि सरांना रंगीत फोटो हवा होता. म्हणून रॉडला रंग लावला, दिवे चालू ठेवले आणि बाजूने फोटो काढला. रॉडमागे रंगाच्या रेषा, एकापाठोपाठ एक, फारच सुंदर. रॉड आणि क्लॅम्प कापून फक्त वेकचा भाग ठेवला. रेषा तिरक्या दिसत होत्या, मला वाटलं ट्रायपॉड वाकडा, म्हणून फोटो फिरवून रेषा सरळ उभ्या केल्या आणि पाठवून दिला. सरांचा मेल, फोटोत रॉड पण दिसू दे. मूळ फोटो उघडला आणि तेवढ्याच कोनात फिरवला.

रॉड आडवा पडायला आल्यासारखा कलला. पाण्याचा पृष्ठभाग डोंगराच्या उतारासारखा.

ट्रायपॉड सरळ होता. रेषाच तिरक्या होत्या. किती फिरवलं होतं ते सॉफ्टवेअरमध्ये लिहिलेलंच होतं, २३ अंश. मी कॅल्क्युलेटरवर २३ चा कोसाइन काढला, ०.९२. त्याने ०.१६८ ला गुणलं. ०.१५५.

मी किंचाळले वगैरे नाही. तोच गुणाकार चार वेळा केला आणि मग खूप राग आला, कुणाचा ते कळेना.

कारण असं. भोवरा म्हणजे एकेकटी चकती नाही, वरपासून खालपर्यंत सलग दोरा असतो आणि तो मधेच तुटून संपू शकत नाही. चॅनलच्या तळाशी पाणी भिंतीला चिकटून मंद चालतं, माझ्या वेगाला आणि मीटरभर लांबीनंतर तो मंद थर जवळपास साडेतीन सेंटीमीटर जाड होतो, म्हणजे २० सेंटीमीटर खोलीत चांगलाच. तिथले भोवरे मागे रेंगाळतात. पण दोरा एकच, त्यामुळे खालचा भाग मागे राहिला की शेजारचा भाग थोडा मागे, त्याच्या शेजारचा अजून थोडा, असं करत ती रेंगाळ सगळ्या उंचीवर चढते आणि आख्खा वेक तिरका होऊन तसाच स्थिरावतो. आणि तिरके भोवरे सुटतात ते समांतर फ्रीक्वेन्सी गुणिले त्या कोनाचा कोसाइन. विल्यमसनने अगदी हेच लिहिलं होतं, मी पिवळ्या रंगाने हायलाइट केलेल्या ओळीत.

आता त्या अर्ध्या तासाचं. टोकांचा परिणाम मधे पोचायला वेळ लागतो. प्रवाह नुकताच सुरू होतो तेव्हा भोवरे सरळ, समांतरच सुटतात, तिरकेपणा टोकाकडून हळूहळू सरकत येतो. नंतर मी मुद्दाम पाणी थांबवून परत चालू केलं आणि बाजूने बघत बसले, आणि खरंच, पहिले कितीतरी भोवरे काठीसारखे उभे, मग खालून कुणीतरी पडदा ओढल्यासारखा तिरकेपणा वर चढत गेला. मी शिस्तीने अर्धा तास न थांबता घाईत रेकॉर्डिंग केलं असतं तर कदाचित आकडा बरोबर आला असता, चुकीच्या कारणाने.

आणि सिम्युलेशन? ते द्विमितीय. त्याच्या जगात रॉडला टोकंच नाहीत, वर-खाली ही दिशाच नाही. त्याला विचारलं अनंत लांब रॉडमागे काय होतं, त्याने बरोबर सांगितलं. पाण्याला विचारलं या रॉडमागे काय होतं, पाण्यानेही बरोबर सांगितलं. आठ महिने मी दोघांपैकी खोटं कोण बोलतंय ते शोधत होते.

एंड प्लेट्स लावायचं ठरलं. ॲक्रिलिकच्या दोन पातळ चकत्या, मधून रॉड आरपार, एक तळाच्या मंद थराच्या वर, एक पृष्ठभागाच्या खाली. काका म्हणाले दोन तासांचं काम, आणि खरंच दोन तासांत दिल्या, या सगळ्या प्रकरणात वेळेत झालेली ही एकमेव गोष्ट. लावल्या. तिरकेपणा कमी झाला पण गेला नाही, मधे सरळ आणि दोन्हीकडे किंचित वाकलेलं, धनुष्यासारखं. विल्यमसनने प्लेट्स प्रवाहाकडच्या बाजूने आत झुकवल्या होत्या, टोकाजवळचं पाणी जरा घाईत जावं आणि तिथली रेंगाळ भरून निघावी म्हणून. झुकवायला सोय केलीच नव्हती. परत वर्कशॉप. यावेळी काकांनी बिजागरीसारखं काहीतरी करून दिलं आणि म्हणाले, "आता परत येऊ नकोस हं बाई, तुला हवा तेवढा कोन कर."

नऊ दिवस मी त्या प्लेट्स एकेक अंश फिरवत होते. एक अंश, थांब, फोटो, पुन्हा एक अंश. जास्त झुकवलं की तिरकेपणा उलट्या बाजूला. वरची प्लेट आणि खालची प्लेट वेगवेगळ्या कोनात सरळ येत होत्या कारण खाली मंद थर आणि वर मोकळा पृष्ठभाग, दोन्हीकडची तक्रार वेगळी. दहाव्या दिवशी रेषा रॉडला समांतर. पट्टी स्क्रीनला लावून बघितलं. मग लेझर, गॉगल, अंधार, अर्ध्याऐवजी आख्खा तास थांबले आणि १० मिनिटांचं रेकॉर्डिंग.

०.१६६. थर्मामीटर २३ अंश.

सरांना मेल नाही केला, जाऊन सांगितलं. त्यांनी आधी १०७ आहे ना हे विचारलं, मग उरलेल्या एका टक्क्याचं काय हे विचारलं. व्यास मी अजून ५ च धरत होते, ४.९७ नाही. तो धरला तर आकडा अजून एक केस खाली जातो, तेही सांगितलं. ते म्हणाले असू दे, आणि नंतर जरा वेळाने, "तुझं २० सेकंदांचं रेकॉर्डिंग मी पण बघायला हवं होतं." हे त्यांनी म्हटलं याचं मला अजूनही बरं वाटतं.

नंतर एक त्रिमितीय रनही केला, पूर्ण उंचीचा, तळाच्या मंद थरासकट, मेशचे एक कोटीहून जास्त सेल्स, क्लस्टरवर कित्येक दिवस. तिथेही भोवरे तिरके झाले. कोन माझ्याइतका आला नाही, बहुतेक पृष्ठभाग मी सपाट आणि घर्षणाशिवाय धरला म्हणून, ते अजून तपासायचंय. जेलचं काम मात्र आता सुरू झालंय आणि त्याचं पहिलं रेकॉर्डिंग घ्यायच्या आधी मी दिवे लावून बाजूने बघितलं.

जुना डेटा डिलीट करणार होते, हार्डडिस्कवर जागा नव्हती. "चुकीचं" नावाच्या फोल्डरमध्ये सगळं पडलं होतं, शंभरेक रेकॉर्डिंग. परवा त्याचं नाव बदलून "तिरकं_२३अंश" केलं. थिसिसमध्ये तो चौथा चॅप्टर आहे.